शून्य बाइटच्या फायली

हे खरं घडलेलं आहे. पटणार नसेल त्यानं इथूनच पान बदलावं, मी भांडायला येणार नाही.

मी भुताखेतांच्या गप्पा मारणारा माणूस नाही. शहाद्यात पीठगिरणीच्या शेजारी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांचे बंद पडलेले डबे उघडायचे, धूळ झटकायची, विंडोज टाकून परत द्यायचे, हेच बारा वर्षं चाललंय. डब्यात भूत राहत असतं तर मला केव्हाच भेटलं असतं.

आणि रात्र नव्हती. अमावस्या नव्हती.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली दुपार होती. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन. घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं.

माझं नाव तौसिफ. ज्याच्याबद्दल सांगतोय तो नवनीत, माझा कॉलेजपासूनचा दोस्त. गाव प्रकाशा, घर तापीपासून हाकेच्या अंतरावर. पुण्यात तीन वर्षं नोकरी केली, मग सोडून आला. वडिलांबरोबर पपई बघायचा आणि उरलेला वेळ कॉम्प्युटरसमोर.

त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्हतं. एक वेगळीच सिस्टीम होती. नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला कळणारही नाही. कुठलीशी जुनी कंपनी बुडाली, तिची सिस्टीम जगभरच्या हौशी लोकांनी फुकटात पुन्हा लिहून काढली, असं तो सांगायचा. बटण दाबलं की चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत सुरू व्हायची, हे मात्र मला मान्य आहे.

तिच्यावर मराठी नीट दिसत नव्हती. जोडाक्षरं तुटायची, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसायची. नवनीत आठ महिने तेच दुरुस्त करत होता. त्याचं काम त्या लोकांनी स्वीकारलं, त्या दिवशी तो पेढे घेऊन दुकानात आला.

मी विचारलं, "किती लोक वापरतात रे हे, जगात?"

"ऱ्हातीन हजार-दोन हजार."

"आणि मराठीत?"

"एक. मी." मग तीच सिस्टीम टाकलेला एक पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवून म्हणाला, "आते दोन."

मी तो पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकला आणि विसरून गेलो. खोटं कशाला बोलू, मला तो वेडेपणाच वाटत होता.

त्याच्या वडिलांनाही तेच वाटत होतं. पितांबर आप्पा वाईट माणूस नाही. कष्टाचा माणूस. पण एकुलता एक मुलगा दिवसभर अशा कामात बसलेला बघून त्यांचा जीव जळायचा. मला भेटले की विचारायचे, "हाई कामना पैसा कोन देस रे त्याले?" कोणीच देत नव्हतं.

चौदा मार्चला सकाळी आप्पा त्याच्यावर भडकले. तापीवर त्यांची पाणी ओढायची मोटार आहे. तिच्या पाइपच्या तोंडाला जाळीचा व्हॉल्व असतो, आमच्याकडे त्याला फुटबॉल म्हणतात. त्यात गाळ अडकून पाणी बंद झालं होतं, पपई सुकत होती आणि नवनीत कॉम्प्युटरसमोर बसला होता.

साडेआठला तो नदीवर गेला.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी मच्छीमारांनी त्याला बाहेर काढलं.

चपला काठावर जोडून ठेवलेल्या. मोबाइल चपलेत.

फुटबॉल साफ करायला उतरणारा माणूस मोबाइल चपलेत ठेवून उतरतो. आणि ज्याला परत यायचं नसतं तो माणूसही तसाच उतरतो. गावात दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. पोलिसांनी अपघात लिहिला आणि विषय मिटला.

आप्पांचा मिटला नाही.

दिवस-कार्य झाल्यावर ते नवनीतचा कॉम्प्युटर धोतरात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. गिरणी चालू होती, त्यामुळे त्यांना माझ्या कानाशी येऊन बोलावं लागलं.

"मी त्याले सकायले बोलनू. तू ऱ्हायना काय नी नही ऱ्हायना काय, सारखंच शे. अशे बोलनू मी."

असलास काय नि नसलास काय, असं बाप पोराला बोलला होता.

"तुले यामधलं समजस. काही लिखी ठेयेल शे का त्यानी, दख. मन्हा बोलामुये गया का तो, इतलंच माले सांग."

त्यांच्या बोलण्यामुळे तो गेला का, हे शोधायला मी मशीन सुरू केलं. आप्पा स्टुलावर बसून पडद्याकडे बघत होते. फोटो सापडले. त्याचे प्रोग्रॅम सापडले. 'रोज' नावाचा एक फोल्डर सापडला. त्यात दोनशे बारा फायली, प्रत्येकीला तारखेचं नाव. शेवटची चौदा मार्चची.

मी ती उघडली. कोरी.

तिच्या आधीची उघडली. तीही कोरी. साइज बघितली. सगळ्यांची शून्य बाइट.

"काही नही शे आप्पा," मी म्हणालो. "रिकाम्या फायली शेत."

आप्पांनी पडद्यावरून नजर काढली. मग म्हणाले, "मंग साफ करी टाक. रूपालीले विंडोज टाकी दे, तिना अभ्यास व्हई." रूपाली नवनीतची धाकटी बहीण, नंदुरबारला शिकते.

मी फोटो आणि प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतले. रिकाम्या फायली कशाला घ्यायच्या, म्हणून सोडून दिल्या. डिस्क फॉरमॅट केली. विंडोज टाकलं. वीस मिनिटांचं काम, रोजचंच.

पुढच्या आठवड्यात रूपालीच्या सांगण्यावरून मी नवनीतच्या त्या सिस्टीमवाल्या ग्रुपला तो गेल्याचं कळवलं. माझी इंग्रजी तोडकीमोडकी. पण कोण कुठल्या देशातली माणसं, त्यांनी रडून पत्रं लिहिली. हजार-दोन हजारांत एक जण कमी झाला की कळतं बहुतेक.

फिनलंडच्या एका म्हाताऱ्याचं पत्र मी तीनदा वाचलं.

त्यानं लिहिलं होतं, नवनीतची डिस्क सांभाळून ठेवा. आमच्या सिस्टीममध्ये फाइलच्या आत न लिहिता फाइलच्या अंगावर लिहिता येतं. फाइल शून्य बाइटची दिसते, मजकूर तिला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांमध्ये असतो. नवनीत आपली डायरी तशीच ठेवायचा, मीच त्याला ते शिकवलं. दुसऱ्या सिस्टीमवर नेऊ नका, चिठ्ठ्या गळून पडतील. चिठ्ठी कशी उघडायची, तेही त्यानं खाली लिहिलं होतं.

मी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि आत बसून रडलो.

मग रूपालीकडून अपडेटच्या बहाण्यानं मशीन मागून आणलं. गेलेला डेटा परत काढायची माझ्याकडची सगळी साधनं चालवून बघितली. चार दिवस. फोटोंचे तुकडे मिळाले, चिठ्ठी एकही नाही. त्याचे दोनशे बारा दिवस मी वीस मिनिटांत पुसले होते. आणि त्यांतला शेवटचा दिवस त्याच्या बापाला हवा होता.

हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला, नमिरालाही नाही.

मे महिन्यात ड्रॉवर आवरताना त्यानं दिलेला पेनड्राइव्ह हाताला लागला. मनात वेडी आशा आली, की यात एखादी नोंद राहिली असेल. दुकानात एक जुना लॅपटॉप पडून होता. त्याच्या घड्याळाचा आतला सेल मेलेला, चालू केला की तारीख दरवेळी एक जानेवारी दोन हजार आठ. पेनड्राइव्ह लावून त्याच्यावरच्या सिस्टीमनं तो लॅपटॉप सुरू केला.

पडद्यावर आपोआप एक लहानशी खिडकी उघडली. तिचं नाव 'रोज'. त्या सिस्टीममध्ये अशी खिडकी करता येते, नवी नोंद कुठेही झाली की तिच्यात ओळ वाढते. कोणी हात लावायला लागत नाही.

खाली लिहिलं होतं, शून्य नोंदी.

मी लॅपटॉप तसाच चालू ठेवला. बंद करायचं मन होईना.

दुपारी वीज गेली. पंखा थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. मी टेबलावर डोकं टेकून पडलो होतो.

आणि मग...

गिरणीचा आवाज थांबला.

वीज गेली की गिरणी थांबतेच, पण ही गिरणी डिझेलवर चालते. मी मान वर केली. दारातून गिरणीचा पट्टा फिरताना दिसत होता. पीठ पडत होतं. आवाज मात्र नव्हता. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याचाही नाही.

फक्त एक आवाज येत होता.

टक... टक टक... टक.

मी लॅपटॉपकडे बघितलं. कीबोर्डवर कोणी नव्हतं.

खिडकीत लिहिलं होतं, एक नोंद.

फाइलचं नाव त्या दिवसाची तारीख. बरोबर तारीख. ज्या लॅपटॉपला दोन हजार आठच्या पुढचं काही ठाऊक नव्हतं, त्यानं मे महिन्याची अचूक तारीख आणि वेळ लिहिली होती. दोन चाळीस.

मी म्हाताऱ्यानं सांगितल्याप्रमाणे चिठ्ठी उघडली.

कोरी.

तेवढ्यात गिरणीचा आवाज एकदम कानावर आदळला.

दुसऱ्या दिवशी दोन नोंदी. तिसऱ्या दिवशी तीन. सगळ्या दोन चाळीसच्या. सगळ्या कोऱ्या.

चौथ्या दिवशी नमिरा डबा घेऊन आली. मी बाहेर शटरपाशी उभा राहून तिच्याशी बोलत होतो. तिनं माझ्या खांद्यावरून आत बघितलं.

"अंदर कौन टाइप कर रहा?"

मी तिच्या हातातला डबा घेतला आणि म्हणालो, गिऱ्हाईक आहे. ती म्हणाली, "फिर उसको भी खाना पूछो ना." आणि निघून गेली.

आत कोणी नव्हतं. तुम्हाला सांगतो, त्या वेळी मला भीती वाटली नाही. फार वाईट वाटलं. जिवंत असताना तो माझ्या दुकानात यायचा तेव्हा मी त्याला कधी जेवायला विचारलं होतं का, तेच आठवत बसलो.

त्याच संध्याकाळी नवनीतच्या आईचा, दगूबाईंचा फोन आला.

"बेटा, हाई दुपारले जेवत नहीत. भाकर बांधी लई जातस नि घाटवर बठी ऱ्हातस. भाकर तशीच परत येस. डॉक्टरनी सांगं, अशे चालनं ते दोन महिना बी निंघाव नहीत." आप्पा असे दोन महिनेही काढणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाला होता. "तू त्याना दोस्त शे. काहीतरी सांग त्यासले."

काहीतरी सांग. ते दोन शब्द घेऊन मी रात्र काढली.

शुक्रवारी दुपारी दुकान बंद करून मी प्रकाशाला गेलो. घाटावर चिटपाखरू नव्हतं. मंदिराच्या सावलीतल्या पायरीवर आप्पा बसले होते, अगदी एका टोकाला. शेजारी एका माणसाची जागा मोकळी होती. मी तिथे टेकायला गेलो.

"आठे नको," आप्पा म्हणाले. "तिकडे बस."

मी दुसऱ्या बाजूला खालच्या पायरीवर बसलो. आप्पांचा चेहरा इतका उतरला होता की मला बघवेना. मी नदीकडे बघूनच बोललो.

"आप्पा, मी त्या दिनले चुकनू. फायली रिकाम्या नव्हत्या. त्याना पेनड्राइव्हमा नवनीतनं लिखेल सापडनं."

आप्पांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"काय लिखेल शे?"

घरून पाठ करून निघालो होतो. तरी जीभ अडखळत होती.

"लिखेल शे... आप्पा बोलनात ते मन्हा भलासाठी बोलनात. मन्हा मनमा काही नही. फुटबॉल साफ करीसन येसू, मंग आप्पासंगे जेवसू. शनवारले... नही, ऐतवारले, आप्पाले त्यासनं नाव कंप्युटरवर लिखी दखाडसू."

चौदा मार्चनंतर येणारा शनिवार म्हणावा की रविवार, हे ऐनवेळी डोक्यात गोंधळलं. खोटं बोलायची सवय नाही, असं म्हणणार होतो, पण दोन महिने दुसरं काय करत होतो मी?

"कितला वाजता लिखं?" आप्पांनी विचारलं.

याची तयारी नव्हती. तोंडाला आलं ते बोललो. "आठ वाजून वीस मिनिट."

आप्पा मनाशी हिशेब करत राहिले. मग मान हलवली. "मी साडेसातले बोलनू. तो साडेआठले निंघना. बरोबर शे."

त्यांनी फडकं सोडलं. भाकर मोडली. पहिला घास तोंडात घेतला आणि चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. नदीवर वारा नव्हता, पाण्याचाही आवाज नव्हता. इतका वेळ आवाज नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी मोबाइलवर वेळ बघितली.

दोन पंचेचाळीस.

मी तिथून जवळजवळ पळालो.

दुकान उघडलं तेव्हा साडेचार झाले होते. खिडकीत नवी ओळ होती. पण तिचं नाव आजच्या तारखेचं नव्हतं.

चौदा मार्च. आठ वाजून वीस मिनिटं.

साइज शून्य बाइट.

मी चिठ्ठी उघडली... आणि या वेळी ती कोरी नव्हती. जोडाक्षरं नीट जोडलेली, वेलांट्या जागच्या जागी.

'आप्पा बोलनात ते मन्हा भलासाठी बोलनात. मन्हा मनमा काही नही. फुटबॉल साफ करीसन येसू, मंग आप्पासंगे जेवसू. शनवारले... नही, ऐतवारले, आप्पाले त्यासनं नाव कंप्युटरवर लिखी दखाडसू.'

मी ते वाक्य कुठेही लिहिलं नव्हतं. कागदावर नाही, मोबाइलवर नाही. एकदाच बोललो होतो, घाटावर. माझं अडखळणंसुद्धा तिथे होतं.

रविवारी सकाळी आप्पा दुकानात आले. धुतलेली टोपी, नवा सदरा. मुलानं कबूल केलेला रविवार अडीच महिन्यांपूर्वी होऊन गेला होता, तरी त्यांनी रविवारच धरला होता. मी टाळायला बघितलं. पण त्यांचा हात धरून बाहेर काढणार का?

आधी मी त्या सिस्टीमवर 'पितांबर' लिहून दाखवलं. मोठ्या अक्षरांत. आप्पांनी पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. नुसतं नाव वाचायला त्यांना खूप वेळ लागला.

"आते ते दखाड," ते म्हणाले.

मी चिठ्ठी उघडली. आप्पा ओठ हलवत वाचत गेले. 'शनवारले' वर त्यांचं बोट थांबलं. पुढच्या तीन टिंबांवरून हळूच सरकलं. 'नही' वर आलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

शुक्रवारचं माझं अडखळणं त्यांनाही आठवत होतं.

मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मन्हा बाजूले कोनतरी बठस, अशे माले रोज वाटे. म्हनजे तो ऐकी ऱ्हायंता."

मग पुन्हा पडद्याकडे वळले.

"पन हाई तर तुन्हं बोलनं शे, बेटा. त्यानं कोठे शे?"

शेजारी गिरणी चालू होती. तिच्या आवाजाचा फायदा घेऊन मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. आप्पांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि टोपी सारखी करून निघून गेले.

दगूबाई सांगतात, आता ते दुपारी जेवतात. माझ्याबद्दल चांगलंच बोलतात. कोणी विचारलं तर म्हणतात, त्या पोरानं माझ्यासाठी प्रकाशापर्यंत येऊन खोटं बोलायचे कष्ट घेतले. पुसलेल्या डिस्कवर नवनीतचं खरं लिहिलेलं होतं, हे त्यांना अजून माहीत नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. लॅपटॉप मी विकला नाही, बंदही करवत नाही. रोज दोन चाळीसला एक नोंद वाढते. रोज कोरी. आधी मला वाटायचं, त्याला काही सांगायचंय आणि जमत नाही.

आता तसं वाटत नाही.

त्याचं स्वतःचं जे होतं ते मी पुसलं. आता त्याला फक्त माझ्याकडून ऐकून लिहिता येतं. आणि रोज दुपारी तो कोरी फाइल उघडून बसतो... मी खरं बोलायची वाट बघत.

त्या वेळेला मी दुकानात तोंड उघडत नाही. गिऱ्हाईक आलं तर हातानं बस म्हणतो. लोकांना वाटतं, मी नमाजाचं काही पाळतो.